बोट वर, पंजा आडवा

रावजीदादा गेल्याची बातमी आली तेव्हा मी पोशेऱ्यात ओट्यावर वरई कांडत होते. त्याचा मुलगा मधू जव्हारहून पहिल्या गाडीने आला, पायरीवर टेकला आणि म्हणाला, "आत्या, दादा गेले. पहाटे." मी विचारलं, "जाताना काही बोलला?" तो म्हणाला, "वाचा जाऊन दोन वर्षं झाली त्यांची. काय बोलणार?" मला ते माहीत होतं. तरी विचारलं. उखळात होतं तेवढं कांडून घेतलं, सुपात काढलं आणि मग त्याच्याबरोबर निघाले. मला रडू आलं नाही. सख्खा मोठा भाऊ, वडिलांच्या माघारी ज्याने मला शाळेत घातलं तो भाऊ, आणि त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी आलं नाही, हे मी लपवत नाही.

त्याला महिना होत आला. गेल्या आठवड्यात मधूने तुमच्या वर्तमानपत्राच्या या पुरवणीचं पान आणून दिलं. दादावर चार ओळी छापून आल्या होत्या. जव्हार संस्थानच्या काळातले जुने कारागीर, बंदुकांचे अचूक पारखी, असं काहीसं. मधूला आनंद झाला होता. मी ते पान तीनदा वाचलं. पारखी हा शब्द बरोबर आहे. अचूक हा शब्द बरोबर नाही, आणि तो तसाच राहिला तर दुसऱ्या एका माणसाच्या अंगावर पडतो. म्हणून लिहायला बसले. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे. शुद्धलेखन मधूची मुलगी तपासून देणार आहे, पण मजकुराला हात लावायचा नाही असं तिला बजावलंय.

वडील गेले तेव्हा दादा विशीचाही नव्हता. शेती नागलीची आणि थोडी भाताची, तीही उतारावरची. तो जव्हारला गेला आणि शिलेखान्यात लागला. संस्थानच्या बंदुका आणि तलवारी ठेवायची ती जागा. नळ्या पुसायच्या, तेल द्यायचं, मोडलेला घोडा नवा करून बसवायचा, आणि शिकार निघाली की भरलेल्या बंदुका घेऊन पाहुण्यांच्या मागे उभं राहायचं. वर्षभरात त्याने आईला आणि मला जव्हारला नेलं. त्याच्या बोटांना तेलाचा वास कायमचा होता. त्याने मोडून दिलेल्या भाकरीलाही तो यायचा. त्याला हत्याराखेरीज दुसरं बोलता येत नसे, म्हणून मीही तेच शिकले. तो म्हणायचा, "चंद्रे, बंदूक ओळखायची तर दस्ता बघू नको, नक्षी बघू नको. नळीचं भोक बघ. करंगळी गेली तर काडतुसाची. लिहायच्या टाकाचा दांडा गेला तर रायफल. आणि नुसती काडेपेटीची काडी जात असेल तर हवेची, पोरखेळ." हवेच्या बंदुकीचा छर्रा त्याने मला हातावर ठेवून दाखवला होता. उघडं शिसं, मधे कंबर बारीक. रायफलची गोळी वेगळी, तिला तांब्याचं वेष्टण असतं. हे मला आठव्या-नवव्या वर्षी कळत होतं. पुढे ते कशाला उपयोगी पडणार आहे ते कळत नव्हतं.

माझं स्थळही त्यानेच आणलं. जंगलाचा रखवालदार होता, सूर्यमाळच्या बाजूला नेमणूक, दादाचा जोडीदार. दोघं शिकारीच्या दिवसांत एकाच शेकोटीला बसायचे. मला नवरा आवडला. फार बोलायचा नाही आणि बोललेलं फिरवायचा नाही.

दर वर्षी भात झोडून झालं की जव्हारच्या मैदानावर सिनेमाचा तंबू लागायचा. सूर्यमाळला असले तरी तेवढे आठ दिवस मी माहेरी यायचे. सिनेमा तेव्हा मुका होता. पडद्यापुढे एक पेटीवाला आणि एक तबलजी बसायचा, आणि मधे मधे पडद्यावर लिहिलेल्या पाट्या यायच्या. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, मधे गोणपाटाचा पडदा. बायकांत वाचता येणारी मी एकटी. पाटी आली की मी मोठ्याने वाचायची, आणि उशीर झाला की मागून ओरडा यायचा, "चंद्रे, काय लिवलंय गं? तो रडतो कनाला?" गोणपाटाच्या त्या बाजूला दादा. तिथे त्याचंही तसंच चाले. पडद्यावर बंदूक आली की कोणीतरी विचारायचं, "रावजी, कशी हाय रं बंदूक?" आणि दादा सगळ्या तंबूला ऐकू जाईल असं सांगायचा, "हवेची! चिमणी मेली तर मेली!" तीनशे वर्षांपूर्वीचा सरदार, डोक्याला मंदिल, गळ्यात कंठा, आणि हातात मधून मोडायची विलायती हवेची बंदूक. ती मांडीवर मोडून त्यात छर्रा घातलेलासुद्धा दिसायचा. समोर वाघ. दादा ओरडला, "वाघाला गुदगुल्या करतो का काय!" सरदार मेला तेव्हा पेटीवाला डोळे मिटून करुण वाजवत होता आणि तंबू हसून लोळत होता.

त्याला सगळ्याचा राग यायचा. धूर निघत नाही, खांद्याला धक्का बसत नाही, सहा माणसं मारली तरी कोणी बंदूक भरत नाही. तबलजी बार म्हणून फळीवर दांडकं मारायचा, ते कधी नेम धरायच्या आधीच वाजायचं. घरी येऊन जेवताना तो आईला सांगायचा, "खोटं दाखवायचं तर निदान लाकडाची धरा. हवेची धरून रायफल म्हणायचं म्हणजे बघणाऱ्याला मूर्ख समजायचं." आई म्हणायची, "अरे, तो देव होतो नि उडतो, ते चालतं तुला?" दादा म्हणायचा, "देव मी पुसलेला नाही. बंदूक पुसलेली आहे."

शेवटी तंबूचा मालक घरी आला. नाशिककडचा जाडजूड माणूस. ओट्यावर बसून घाम पुसत म्हणाला, "अहो पारखीबुवा, माझा सरदार मरतो आणि लोक हसतात. धंदा कसा करू?"

"खरी बंदूक आणा."

"खरी आणली तर सरदार खरा मरेल की!"

आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मग ठरलं असं की दादाने रोज फुकट यायचं, सिनेमाच्या यंत्राच्या पुढची चांगली जागा घ्यायची, पण तोंड उघडायचं नाही. दादा कबूल झाला. पण लोक कुठले ऐकतात. ते विचारतच राहिले. मग त्याने हाताने सांगायला सुरुवात केली. बंदूक खरी असली तर एक बोट वर. हवेची किंवा लाकडाची असली तर पंजा आडवा हलवायचा. तो यंत्राच्या अगदी पुढे बसलेला, त्यामुळे बोटाची सावली पडद्यावर पडायची, पुरुषभर उंच. सगळा तंबू त्या सावलीची वाट बघायचा. बोट क्वचितच वर जायचं. ते गेलं की लोक टाळ्या वाजवायचे. मालकाने कपाळाला हात लावला, पण करार मोडला असं त्याला म्हणता येईना. माझा भाऊ तेव्हा मला फार मोठा वाटायचा. आता वाटतं, फुकट जागेच्या बदल्यात तोंड मिटायची सवय त्याला तिथेच लागली...

सूर्यमाळच्या जंगलात एका साली मोठा हाका झाला. बाहेरगावचे एक पाहुणे आले होते. त्यांचं नाव मला माहीत आहे, लिहीत नाही, कारण त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यांच्या डेऱ्यात दोन रायफली होत्या आणि बाटल्या फोडायला एक हवेची बंदूक. हाक्याचा एक नियम असतो. हाकेवाले ओरडत, डबे वाजवत जनावर पुढे घालतात, आणि हाकेवाले स्वतः बंदुकांच्या टप्प्यात आले की शिंग वाजतं. शिंग वाजलं की सगळ्या नळ्या उघडायच्या, गोळ्या काढायच्या. त्यानंतर समोरून वाघ गेला तरी बार नाही, कारण झाडीमागे माणसं असतात. शिंग वाजलं. माझा नवरा हाकेवाल्यांच्या टोकाला होता, तो झुडपातून उघड्यावर आला. तेवढ्यात एक सांबर कडेने निघालं. पाहुण्यांनी डोळे सांबरावर ठेवून हात मागे केला. आणि दादाने त्या हातात भरलेली रायफल दिली. बारा वर्षं त्याने तेच केलं होतं. मागे हात आला की भरलेलं हत्यार द्यायचं. सांबराला काही झालं नाही. गोळी खडकावर आपटून उडाली आणि माझ्या नवऱ्याच्या मांडीत हाडापर्यंत जाऊन बसली. पडायच्या आधी त्याने दादाला पाहिलं होतं, आणि दादाने त्याला.

ही चूक मी माफ केली असती. माझ्या हातूनही चुलीवरचं दूध उतू जातं. मी चुकीबद्दल लिहीत नाही, जबानीबद्दल लिहिते आहे.

दवाखान्यात वरची जखम बांधली. आत खोल आहे, ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल म्हणाले. नेलं कोणी नाही. नवऱ्याला डोलीतून माझ्यापर्यंत आणलं तेव्हा तापाने फणफणला होता. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर त्याने घडलेलं सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "रावजीचं नाव घेऊ नको. त्याच्या ताटात तुझी आई जेवते." मी गप्प बसले. पंधरा दिवसांनी चौकशी झाली. चौकशी करणारे अंमलदार शिकारीचीच व्यवस्था बघणारे, त्यांना पाहुण्यांचं नाव कागदावर यायला नको होतं. वर काही जाऊच दिलं नाही. त्यांनी एकच माणूस विचारायला बोलावला, कारण बंदुकीतलं कळतं म्हणून सगळं जव्हार ज्याला ओळखत होतं तो एकच होता.

जबानीची नक्कल शिपायाने आणून दिली. नवऱ्याला वाचता येत नव्हतं. तो खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "वाच, रावजीने काय सांगितलं ते." मी पाट्या वाचायची तशी मोठ्याने वाचायला लागले. जखम पाहिली. जखम लहान आहे. ती हवेच्या बंदुकीच्या छर्ऱ्याची आहे. सदर रखवालदाराने पाहुण्यांच्या डेऱ्यातील हवेची बंदूक न विचारता घेतली व हाताळताना आपल्याच मांडीत मारून घेतली. खाली दादाची सही. त्याचं अक्षर मला लांबून ओळखू येतं, मला अक्षरं त्यानेच गिरवायला दिली होती. मी थांबले. नवरा म्हणाला, "पुढं?" मी म्हणाले, "संपलं."  छताकडे बघत तो म्हणाला, "छर्रा म्हणाला?" मग पुन्हा, "रावजी... छर्रा म्हणाला?"

नोकरी गेली. ती गेली याचंही मला फार दुःख नाही, नवऱ्याची पोशेऱ्याची जमीन होती. आम्ही परत आलो. तो लंगडत नांगर धरायचा, पावसाळ्यात पाय सुजायचा, मी एरंडाची पानं गरम करून बांधायचे. पण बातमी आमच्या आधी गावात पोचली होती. साहेबाची बंदूक चोरायला गेला आणि स्वतःला छर्रा मारून बसला. त्याचं नाव छर्ऱ्या पडलं. आधी मागून म्हणायचे, मग तोंडावर. "काय रं छर्ऱ्या, पाऊस पडल का?" ते वाईट मनाने म्हणत नव्हते, तेच वाईट होतं. लग्नाच्या पंगतीत वाढपी ओरडायचा, "छर्ऱ्याला भात वाढा." रखवालदार म्हणून ज्याने कधी कोणाची चोरून तोडलेली फांदी खपवून घेतली नव्हती, त्याला चोर ठरवलं ते असं, हसत हसत. एकदा मी म्हणाले, मी सांगते सगळ्यांना. तो म्हणाला, "तू सांगून काय होणार? बायको नवऱ्याचं बोलणारच. ज्याने म्हटलं त्यानेच सांगायला पाहिजे." तो वाट बघत होता हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या वर्षी तंबू लागला तेव्हा आईला बघायला मी जव्हारला गेले होते. आईनेच आग्रह केला म्हणून सिनेमाला गेले. दादा आपल्या जागेवर, यंत्रापुढे. दरोडेखोराचा खेळ होता. पडद्यावर बंदूक निघाली आणि नेहमीसारखा तंबू शांत झाला, सावलीची वाट बघत. सावली आली नाही. ना बोट, ना पंजा. तेवढ्यात मागून आमच्याच मोखाड्याकडचा कोणीतरी ओरडला, "रावजी, हवेचीच ना रं ही? आता सगळ्याच हवेच्या!" लोक हसले. दादा उठला. उठताना तो सगळा प्रकाशात आला, पडदा झाकला गेला, आणि मग कनातीतून तो बाहेर गेला. माझ्या समोर पाटी होती. मी ती वाचली नाही. बायका विचारत राहिल्या, "चंद्रे, काय लिवलंय?" त्यानंतर त्याने आयुष्यात सिनेमा पाहिला नाही. लोक म्हणायचे, बोलपट आले म्हणून त्याचं मन उडालं. मी ऐकून घ्यायची.

संस्थान गेलं, शिलेखाना मोडला, दादा घरी बसून लोकांच्या ठासणीच्या बंदुका दुरुस्त करू लागला. माझा नवरा गेला तो साध्या तापाने. गावात एकमेकांना सांगत होते, "छर्ऱ्या गेला." मेल्यावरही तेच. तिसऱ्या दिवशी राख सावडायला पुरुष गेले, त्यांच्या मागोमाग मीही गेले. बायकांनी जायचं नसतं असं म्हणाले, मी म्हणाले, नसू दे. मांडीच्या हाडांपाशी राख चाळताना बोटाला लागलं. तांब्याचं टोपण. एका बाजूने चेपलेलं, आतलं शिसं वितळून गेलेलं, वेष्टण तेवढं उरलेलं. छर्ऱ्याला तांबं नसतं. मी ते पदरात बांधलं आणि दहावा झाल्यावर जव्हारला गेले.

दादा उजेडात बसून नळी पुसत होता. वहिनी तांदूळ निवडत होती. मी ते टोपण त्याच्यापुढे ठेवलं. म्हणाले, "ओळख." त्याने उचललं, उन्हाकडे धरलं, बोटांत फिरवलं, आणि सवयीने बोलून गेला, "रायफलची. दगडावर आपटलेली. कुठं मिळाली गं?"

"माझ्या नवऱ्याच्या राखेत."

वहिनीचा हात सुपात थांबला. दादाने ते टोपण खाली ठेवलं, अगदी हळू, जसं काही ते अजून भरलेलं होतं. मी म्हणाले, "उद्या पोशेऱ्याला चल. जे आत्ता बोललास तेवढंच पाड्यासमोर बोल. पाणीसुद्धा पिऊ नको, बोल आणि परत ये."

तो म्हणाला, "आता कुणाला सांगायचं, चंद्रे? संस्थान गेलं. कचेरी गेली."

"पाडा आहे ना जागेवर."

"मला नोकरीवरून काढलं असतं. आई होती घरात."

"आई जाऊन दहा वर्षं झाली."

तो पुन्हा नळी पुसायला लागला. नळी स्वच्छ होती. मी टोपण उचललं आणि आले. त्यानंतर भावाच्या घरी मी पाणी प्यायले नाही. लग्नकार्याला गेले, उभी राहिले, अक्षता टाकल्या, परत आले. त्याने दर दिवाळीला मधूबरोबर लुगडं पाठवलं. मी दर वेळी ते मधूच्याच हातात परत दिलं. बिचाऱ्या मधूला आजवर कारण माहीत नव्हतं. आज कळेल.

दोन वर्षांपूर्वी त्याचं उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. मधू न्यायला आला, "आत्या, बघून तरी या." गेले. पदराच्या गाठीत टोपण होतं. खोलीत तेलाचा वास तसाच होता. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, सून यमुना त्याला वळवून गेली. मी गाठ सोडली, टोपण त्याच्या डोळ्यांपुढे धरलं. त्याने ओळखलं. डोळा आधी टोपणावर, मग माझ्यावर. मग डावा हात गोधडीवर हलला, आणि त्यातून एक बोट वर आलं. सरळ. तंबूत यायचं तसं.

यमुना दारातून म्हणाली, "पाणी मागतात. असंच बोट करतात हल्ली." तिने वाटी-चमचा आणला, तोंडाला लावला. पाणी गालावरून उशीवर गेलं. बोट वरच होतं. मी म्हणाले, "यमुने, पाणी नको त्याला." आणि त्याला म्हणाले, "दादा, हे बोट पोशेऱ्याला दिसत नाही." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं की चमच्यातलं होतं, ते मी बघत बसले नाही. मी निघाले तेव्हा बोट अजून वर होतं. त्यानंतर मी त्याला पाहिलं ते तिरडीवर, हात बांधलेले.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण इथे घेते, कारण ज्याने घ्यायचं तो आता घेणार नाही. माझ्या नवऱ्याचं नाव काशिनाथ. त्याने कोणाच्या डेऱ्यातल्या बंदुकीला हात लावला नव्हता. सूर्यमाळच्या हाक्यात त्याच्या मांडीत गेली ती रायफलची गोळी होती, आणि ती रायफलची आहे हे माझ्या भावाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एवढं छापा. अचूक हा शब्द काढा, पारखी राहू द्या.

टोपण माझ्या चुलीवरच्या कोनाड्यात, मिठाच्या बरणीशेजारी आहे. धुराने काळं पडतं, महिन्यातून एकदा मी ते राखेने घासते. घासताना दादाचं ते बोट डोळ्यांसमोर येतं, पडद्यावरचं नव्हे, गोधडीवरचं. पाड्यावरचं कोणी मीठ मागायला आलं की विचारतं, "आजी, हे कशाचं?" मी बोट वर करत नाही. आता तोंडाने सांगते.